बेंबी बसवणाऱ्याचं पोट

१९९८ साल. मी अठ्ठावन्न वर्षांचा, तिसरी पास. आमच्या निमोणे गावात पोटाचं माझ्याइतकं कुणालाच कळत न्हाई, असं मीच सांगायचो, म्हंजी बातमी पक्की. कुणाची बेंबी सरकली की पोटावर दिवा ठेवायचा, वर तांब्या पालथा घालायचा, की बेंबी जागेवर.

आन् एक दिवस माझंच पोट दुखायला लागलं. बायकोला तांब्या लावायला सांगितला. तीन दिवस रोज लावला. चौथ्या दिवशी तिनं तांब्या मोरीत ठेवला आन् जीप बोलावली.

शिरूरच्या दवाखान्यात अपेंडिक्स फुटलेलं निघालं. ऑपरेशन झालं, पण आतडं हलंना. नाकात नळी, पाण्याचा घोटसुद्धा बंद. माझ्या लेकीच्या वयाची डॉक्टरीण रोज सकाळी पोटाला ती ऐकायची नळी लावायची.

"आबा, वारा सरला का?"

"बाईमाणसाला काय सांगायचं ते?"

"नका सांगू. उद्यापर्यंत नाही सरला तर पोट परत उघडावं लागेल."

मग मी नरमलो. म्हणलं, आतडं सरकलंय का?

"काही सरकलेलं नाही. आत पू झाला, म्हणून अंगातल्या राखणदार पेशी धावून आल्या. त्या रसायनं सोडून एकमेकींना निरोप देतात. तेच निरोप आतड्याच्या स्नायूंनाही लागतात आणि स्नायू आकसायचे थांबतात."

म्हंजी सणसवाडीच्या कंपनीगत. आग लागली, भोंगा वाजला, कामगार काम टाकून गेटवर. आग विझली तरी भोंगा चालूच. आन् अशी शहाणी कंपनी माझ्याच पोटात.

"तांब्यानं भोंगा बंद व्हईल का?"

"तांब्यात तीन दिवस घालवलेत, आबा. आता उठा, चाला."

सलाईन धरून चाललो. बायको मागून, साऱ्या वार्डाला ऐकू जाईल असं, दर दहा पावलांवर विचारायची, "सरला का?" दुसऱ्या दिवशी पहाटे सरला. एवढ्या गोष्टीचा आनंद साऱ्या वार्डानं केला. डॉक्टरणीनं पोट ऐकलं, म्हणाली, "गुरगुरतंय. दोन घोट पाणी द्या." त्या पाण्याची चव अजून तोंडात हाय.

आठवड्यानं घरी आलो. दुसऱ्या दिवशी सकाळीच शेजारचा गडी पोट धरून दारात. "आबा, बेंबी सरकली, तांब्या लावा." बायको माझ्याकडं बघत राहिली. मी तांब्या मागितला न्हाई. त्याला आडवा केला, पोटाला कान लावला. आत चिडीचूप.

त्याला म्हणलं, "तुझी बेंबी लई लांब सरकलीय. शिरूरला गेलीय." आन् त्याला घेऊन पहिल्या एसटीत बसलो.