टोपली पास करणारी मावशी

आमच्या मावशीने सव्वीस वर्षं कोळंबी सोलली आणि सुजलेली बोटं कमावली. मग कारखान्याला उशिरा का होईना, शहाणपण सुचलं. तोवर सोललेली कोळंबी विकायची आणि डोकी, टरफलं फेकायची, म्हणजे जवळजवळ निम्मा माल उकिरड्यावर. त्यात प्रथिनं असतात, अंड्याचा बलक केशरी करणारा रंग असतो. म्हणून मागच्या बाजूला शेड उभी राहिली. डोकी उकडायची, वाळवायची, दळायची आणि ती भुकटी कोंबड्यांच्या खाद्यासाठी विकायची. मुकादम म्हणून मावशीला नेमलं, कारण शिळी टोपली ती दारातूनच वासावर ओळखायची. कोळंबीचं डोकं उन्हात दोन तास राहिलं तरी कुजायला लागतं. मावशी ‘चालेल’ म्हणाली की टोपली उकडायला जायची. तिच्या शब्दापुढे कोणी जात नसे. मी तिथे पोती शिवते, मीही नाही.

पहिला माल परत आला. दुसराही आला. भुकटी कुजकी आहे, कोंबड्या तोंड लावत नाहीत, असं खाद्यवाल्याने कळवलं. साहेब म्हणाले, “तिसरा आला तर शेड बंद. मावशी, तुम्ही परत सोलायच्या टेबलावर.” त्या बोटांनी ती आठवडाभरही टिकली नसती, हे साहेब सोडून सगळ्यांना दिसत होतं.

त्याच रविवारी तिच्या घरी दूध करपलं. मी बाहेरच्या खोलीतून धावत गेले, तर ही गॅसकडे पाठ करून निवांत भाजी निवडतेय.

“अगं, दूध जळतंय!”

तिने वळून पातेलं बघितलं आणि हातातली जुडी खाली ठेवली. “मागच्या तापापासून मला वास येत नाही गं. कसलाच नाही.”

“आणि टोपल्या?”

“रंग बघते. अंदाजाने.”

मला तिचा राग आला, आणि लगेच कीवही. “कुणाला बोलू नकोस,” मी म्हटलं. “झाकली मूठ सव्वा लाखाची.”

“मूठ झाकूनच दोन माल घालवले,” ती म्हणाली.

सोमवारी टोपल्या यायच्या आत तिने शेडमधल्या आम्हा पाचही जणींना गोळा केलं, साहेबांनाही बोलावलं. “मला वास येत नाही. दोन्ही माल माझ्यामुळे गेले.”

मग उकडणारी, जी एरवी दिवसाला चार शब्द बोलते, ती म्हणाली, “आम्हाला येत होता वास, मावशी. पण तुम्ही चालेल म्हणायचात. मला वाटलं, माझंच नाक बिघडलंय.”

“मलाही तसंच वाटलं,” दळणारी म्हणाली. मग एकेक करत सगळ्याच कबूल झाल्या. शेवटी मीही.

मावशीने कपाळावर हात मारला. “अगं बायांनो, पाच नाकं शाबूत असताना माझ्या बंद नाकावर कारखाना चालवलात!” ती हसत सुटली, आणि हसता हसता रडली. “हा माल पाचजणी मिळून बघा,” एवढंच म्हणून साहेब गेले.

पहिली टोपली आली. मावशीने रंग पाहिला. “मला तर चांगली वाटते.”

उकडणारी वाकली, तिने हुंगलं आणि मावशीकडे पाहिलं. “नाही, मावशी. ही टाका.”

मावशीने दुखऱ्या बोटांनी ती टोपली स्वतः उचलली, बाहेर नेऊन ओतली आणि परत येऊन म्हणाली, “आण पुढची.”

तिसरा माल परत आला नाही.