फिटरचा नादकाटा

फिटर जन्मभर यंत्रं ऐकत आला. कारखान्यात एखादं मशीन कुरकुरलं की तो लांब पेचकसाचं टोक त्याच्या अंगावर टेकवायचा, मूठ कानामागच्या हाडाला लावायचा आणि डोळे मिटून उभा राहायचा. आतला आवाज हाडातून थेट डोक्यात येतो, म्हणायचा. मिनिटभरात कुठलं बेअरिंग झिजलंय ते सांगायचा. माणूस कामाला चोख आणि बोलायला कंजूष. त्यानं आयुष्यात लबाडी केली ती एकच, आणि तीही मित्राच्या भल्यासाठी. तिच्यापायी काय काय गेलं ते मी पाहिलंय, म्हणून सांगतो.

कारखाना कपबश्यांचा होता. आमच्या बँडचं नाव ‘तिसरी पाळी’, कारण आम्ही चौघंही त्या पाळीला होतो. गाणारा भट्टीवर कामाला, गिटारही तोच वाजवायचा. त्याला आम्ही भट्टीच म्हणायचो. फिटर बेस गिटारवर. मी पॅकिंगला, आणि बँडमध्ये ड्रमवर. सुरातलं मला ओ की ठो कळत नाही, हे आधीच सांगून टाकतो. चौथे फिटरच्या थोरल्या बहिणीचे यजमान. फिटर त्यांना भाऊजी म्हणायचा, म्हणून आम्हीही भाऊजीच म्हणायचो. ते माउथ ऑर्गन वाजवायचे, आणि ते वाजवायला लागले की माझ्यासारखा ठोंब्यासुद्धा काठी हातात धरून बसून राहायचा.

भाऊजींचा कान सगळ्या कारखान्याला माहीत होता. ते तपासणीला बसत. प्रत्येक कपाला लाकडी काडीनं टिचकी मारायची आणि आवाजावरून चीर ओळखायची, हे त्यांचं काम. डोळ्याला न दिसणारी चीर त्यांना ऐकू यायची. दिवसाला दोन-तीन हजार कप, आणि चूक जवळजवळ नाहीच.

आम्ही वाजवायचो ते ब्लूज-रॉक. म्हणजे मनातली रड, पण कानठळ्या बसतील अशा आवाजात. दर रविवारी सकाळी कारखान्यामागच्या वर्कशॉपमध्ये सराव. सरावाआधी फिटर खिशातून नादकाटा काढायचा. पोलादाची दोन बोटं आणि खाली दांडी, एवढीच ती वस्तू; आपटली की नेहमी एकच सूर देणारी. काटा गुडघ्यावर आपटून, दांडी कानामागच्या हाडाला टेकवून तो दोन्ही गिटारी लावायचा. दुसऱ्या कुणी खुंट्यांना हात लावायचा नाही, हा आमचा नेम. बाजारात सूर दाखवणारी छोटी यंत्रं आली, पण आम्ही ती घेतली नाहीत. फिटर असताना यंत्र कशाला, असं भट्टी म्हणायचा.

दोन कॅसेटी काढल्या. एका हॉटेलात अकरा वर्षं दर शनिवारी संध्याकाळी वाजवलं. मोठे कधी झालो नाही, पण आमच्या गावात आम्हाला ओळखत नाही असा माणूस नव्हता.

मग भट्टीची बायको गेली. वर्षभरात त्याच्या गळ्याचं ऑपरेशन झालं. बरा होऊन आला तो पहिल्याच रविवारी, पहिल्याच गाण्यात वरच्या सुराला फाटला. त्यानं गिटार बाजूला ठेवली. “एक पट्टी खाली घेऊ या की,” मी म्हणालो. माझं मेलं तोंडच वाईट.

“ज्या दिवशी पट्टी उतरवावी लागेल त्या दिवशी मी माईक सोडला,” भट्टी म्हणाला. “आणि माईक सोडला तर घरी जाऊन काय भिंतींशी बोलू?”

थट्टेत म्हणाला नव्हता. त्या वर्षी तो काय करून घेईल याचा आम्हाला भरवसा नव्हता.

दोन दिवसांनी मी वर्कशॉपमध्ये गेलो तर फिटरनं नादकाटा व्हाइसमध्ये आवळला होता आणि त्याच्या बेचक्यात बारीक कानस चालवत होता. “काय रे?” म्हटलं. “गंज काढतोय,” तो म्हणाला. मी बरं म्हणून निघून आलो. बेचक्यात घासलं की काटा खालच्या सुरात बोलतो, हे मला तेव्हा माहीत नव्हतं. पण त्या पोलादावर गंज नव्हता, एवढं मला दिसलं होतं.

रविवारी भट्टी गायला. वरचा सूर लागला. तो लहान पोरासारखा हसला. “औषध लागू पडलं,” म्हणाला. फिटर मान खाली घालून वाजवत राहिला.

तिथून त्याला दर सहा महिन्यांनी काटा घासावा लागला. गळा उतरायचा तसा काटा उतरायचा. गिटारी काट्यावर लागायच्या, गळा गिटारींमागे जायचा, मला तर काही कळतच नव्हतं. राहिला माउथ ऑर्गन. त्याच्या आतल्या, सूर देणाऱ्या धातूच्या पत्त्या तो बनतानाच पक्क्या बसवलेल्या असतात. गिटारीसारखा सूर उतरवायला त्याला खुंट्या नसतात.

“काटा खाली गेलाय,” भाऊजी म्हणाले. पहिल्यांदा अगदी सहज म्हणाले. फिटरनं काटा वाजवून त्यांच्या कानाशी धरला. “पोलाद आहे भाऊजी. ते कुठं जाणार?”

भाऊजींनी नवा माउथ ऑर्गन आणला. तोही जुळेना. आणखी एक आणला. मग घरी बसून पत्त्या घासून पाहू लागले. एखादा जुळायचा, सहा महिन्यांनी पुन्हा बेसूर. शेवटी एका कॉलेजच्या मैदानावर, हजारभर पोरांसमोर, त्यांचा सूर असा काही वेडावाकडा गेला की पुढच्या रांगेतली पोरं हसायला लागली. भट्टीनं माईकवरच सांगितलं, “भाऊजी, तुम्ही थांबा.”

खाली उतरल्यावर म्हणाला, “तुमचा कान गेलाय. उद्यापासून येऊ नका.”

भाऊजींनी फिटरकडे पाहिलं. फिटर गिटारची वायर गुंडाळत होता. ती गुंडाळून झाल्यावर त्यानं परत सोडली आणि परत गुंडाळली. मी ड्रम आवरायला लागलो. कानस मला आठवत होती, पण माझ्या डोक्यात दोन्ही गोष्टी जुळल्या नाहीत, असं मी पुष्कळ वर्षं स्वतःला सांगत आलो. खरं तर जुळल्या होत्या.

पुढच्याच आठवड्यात भाऊजी स्वतःहून साहेबाकडे गेले. “माझ्या कानाचा भरवसा राहिला नाही. फुटका कप कुणाच्या घरी जायला नको,” म्हणाले. साहेबानं समजूत घातली, तरी ऐकलं नाहीत. त्यांना माझ्याकडे पॅकिंगला पाठवलं. पंधरा वर्षं माझ्या शेजारी बसून त्यांनी कप गवतात गुंडाळले. टिचकी कधी मारली नाही. एकदा कप हातातून निसटून टेबलावर आपटला, वाजला, तर त्यांनी तो पटकन मुठीत दाबून गप्प केला.

फिटर दर महिन्याला बहिणीकडे जायचा आणि प्रत्येक वेळी सांगून टाकायचं ठरवून जायचा. हे त्यानं मला मागाहून सांगितलं. सांगितलं तर भट्टीचं गाणं जाईल, नाही सांगितलं तर भाऊजी असेच कुढत राहतील. या कात्रीत त्यानं पंधरा वर्षं काढली. बँड चालू होता. तारा इतक्या सैल झाल्या होत्या की फळीवर खडखडायच्या. भट्टी म्हणायचा, हाच आपला खास आवाज.

मग भाऊजींनी अंथरूण धरलं. डॉक्टरांनी दोन महिने दिले. फिटर माझ्या दारात येऊन उभा राहिला. “चल माझ्याबरोबर. एकट्याला जमणार नाही.” तेव्हाच रस्त्यात त्यानं सगळं सांगितलं, आणि मीही कानशीचं सांगितलं.

खोलीत औषधाचा वास होता. खिडकीत माउथ ऑर्गनचा खोका, सगळ्यांच्या पत्त्या घासून घासून पातळ झालेल्या. भाऊजी उशीला टेकून बसले होते. फिटर खुर्चीवर बसला आणि खालच्या आवाजात बोलायला लागला. सगळं सांगितलं, काही राखलं नाही. पाच मिनिटं बोलत होता. त्याचं झाल्यावर भाऊजी दारात उभ्या असलेल्या फिटरच्या बहिणीकडे पाहून म्हणाले, “काय म्हणतोय हा?”

“त्यांना ऐकू येत नाही रे,” ताई म्हणाली. “वर्ष झालं. दोन्ही कान गेले.” तिनं मात्र शब्द न् शब्द ऐकला होता. तिचा हात दाराच्या चौकटीवर होता, तो तिथंच राहिला.

“मोठ्यानं बोला मेहुणे,” भाऊजी हसून म्हणाले. “कान गेलाय माझा. तुम्हीच नाही का सांगितलं?”

फिटरनं खिशातून दोन काटे काढले. एक जुना, एक त्याच सकाळी विकत आणलेला. नवा गुडघ्यावर आपटला आणि दांडी भाऊजींच्या कानामागच्या हाडाला टेकवली, मशीनला पेचकस लावतात तशी.

भाऊजींचे डोळे मोठे झाले. वर्षभरात त्यांनी ऐकलेला तो पहिला सूर. विरेपर्यंत ते हलले नाहीत. “बरोबर आहे,” म्हणाले.

फिटरनं जुना काटा लावला.

या वेळी भाऊजी सूर विरेपर्यंतही थांबले नाहीत. काटा फिटरच्या हातातून काढून घेतला, उजेडात धरला, बेचक्यात अंगठा फिरवला. तिथं पोलाद निम्म्यानं झिजलं होतं. त्यांनी फिटरकडे पाहिलं, मग माझ्याकडे. माझी नजर आपोआप खाली गेली.

“मग ते कप?” भाऊजींनी विचारलं. “कपही मी बरोबर ओळखत होतो?”

फिटरनं मान डोलावली. भाऊजींनी जुना काटा उशीखाली ठेवला आणि भिंतीकडे तोंड केलं. ताई आम्हाला जा म्हणाली नाही. तिनं नुसतं दार उघडून धरलं.

रविवारी फिटरनं नव्या काट्यावर गिटारी लावल्या. दोन तारा ताणानंच तुटल्या, त्या बदलल्या. भट्टी पहिल्या ओळीला फाटला. पाणी प्यायला, पुन्हा फाटला. तिसऱ्यांदा तोंडातून नुसती हवा आली.

“काटा बदललास?”

“हो.”

“जुना कुठाय?”

“भाऊजींकडे.”

भट्टी मूर्ख नाही. त्यानं गिटारच्या खुंट्यांवरून बोट फिरवलं. मला वाटलं आता स्वतःच्या गळ्याबद्दल विचारेल. त्यानं गिटारचा पट्टा गळ्यातून काढला आणि विचारलं, “त्या दिवशी मैदानावर, भाऊजी सुरात होते?”

“होते,” फिटर म्हणाला. “ते एकटेच होते.”