शाविगेच्या ओत्तूखालचं हेड

चामराजपेटेत आमच्या हंबीरमामाला कुणी मेकॅनिक म्हटलं की त्याचं डोकं फिरतं. "मेकॅनिक पैशाला पासरी आहेत. मी हेडवाला!" इंजिनावरचं हेड काढून त्याच्या शेडमध्ये आणून द्यायचं, वॉल्व्ह, स्प्रिंगा बदलून तो परत देणार. बाकीची गाडी मेली काय, जगली काय, त्याला देणंघेणं नाही. आमची माणसं या कानडी गावात येऊन काही पिढ्या झाल्या. कुणी घोडे राखले, कुणी दुकानं मांडली, पण घराण्याचं नाव काढलं ते मामानं. हे अर्थात मामाच सांगतो.

स्प्रिंग दाबायचं हत्यार बाजारात मिळतं. मामानं ते कधी घेतलं नाही. "ज्याच्या मनगटात दम नाही, त्यानं घ्यावं." त्याचा सगळा सरंजाम म्हणजे लाकडाचे ठोकळे, जुनी चादर आणि पाइपचे तुकडे. हेडखाली ठोकळा आणि चादरीची घडी द्यायची, म्हणजे वॉल्व्ह खाली सरकत नाही. स्प्रिंगच्या टोपीवर पाइप उभा धरून हातोडीचा एकच ठोका. टोपीत वॉल्व्हची दांडी पकडून बसलेले नखाएवढे दोन लॉक टणकन सुटतात. काढणं असं सोपं. बसवणं मात्र जिवावरचं. खिडकी कापलेल्या पाइपवर अंगाचा भार देऊन स्प्रिंग दाबून धरायची, आणि त्याच वेळी ग्रीस लावलेले लॉक त्या खिडकीतून जागेवर ठेवायचे. जरा हात हलला की लॉक उडालाच. मामाचा हात जन्मात हलला नव्हता.

गेल्या वर्षी तो स्कूटरवरून पडला आणि उजवा खांदा गेला. बोटं चालतात, जेवता येतं, पण त्या हातावर भार द्यायचा नाही असं डॉक्टरांनी बजावलं. पडलं तरी नाक वर, हा आमच्या मामाचा स्वभाव. "डावा आहे की!" म्हणून तो शेडमध्ये हजर. डाव्या हातानं दाबताना दोनदा पाइप निसटला. दुसऱ्या वेळी सुटलेली स्प्रिंग थेट कपाळावर बसली.

त्याचा जावई, पवित्राचा नवरा योगीराज, जे. पी. नगरहून धावत आला. माणूस भला आहे, फक्त बोलतो ऑफिसातल्यासारखं. "बाबा, रिस्क कशाला? शेड बंद करा, आमच्याकडे या. पवित्रा रोज टेन्शनमध्ये असते."

मामा भडकला. बाकावर एका फुलवाल्याच्या व्हॅनचं हेड पडलं होतं. त्याच्यावर थाप मारून म्हणाला, "जावईबापू, रविवारपर्यंत हे मी एकट्यानं बांधून दाखवतो. नाही जमलं तर कुलूप तुम्ही तुमच्या हातानं लावा." एकट्यानं म्हणायची काय गरज होती? पण सुंभ जळाला तरी पीळ जात नाही.

मी राजाजीनगरहून शनिवारी गेले, तेव्हा हेडमधून स्प्रिंगा निघालेल्या होत्या. नव्या मात्र तशाच कागदात. मामा समोर नुसता बसून होता. सुनंदामामीनं मला स्वयंपाकघरात ओढलं. "हे ओरडतात ते चालतं ग. गप्प बसले की मला घर खायला उठतं."

मग मामीनं माळ्यावरून ओत्तू, म्हणजे शेवया पाडायचा साचा काढला. आमच्याकडे शाविगे, म्हणजे शेवया, हातानं वळत नाहीत, दाबून काढतात. लोखंडी तिवई, मध्ये पितळी डबा, वर आट्यांचा जाड दांडा आणि तो फिरवायला आडवी मूठ. मामीला तो तिच्या आईनं दिलेला. गौरीच्या दिवसांत अर्ध्या गल्लीच्या शाविगे त्यातून पडतात, आणि आंघोळ केल्याशिवाय त्याला हात लावायची कुणाची छाती नाही. मामीनं पितळी डबा काढून माळ्यावर ठेवला आणि तिवई उचलून शेडमध्ये नेली.

"अग, याला तेल लागेल," मामा म्हणाला.

"लागू दे."

"पुन्हा खायच्या कामाला येणार नाही."

"ठाऊक आहे. दाबतो की नाही तेवढं सांगा."

मामाचे डोळे चमकले. तिवईचे पाय त्यानं जाड फळीला बोल्टनं आवळले, फळीवर ठोकळ्यासकट हेड सरकवलं आणि आट्याखाली पाइप उभा केला. मग डाव्या हातानं मूठ फिरवली. आटे झिजलेले होते. दांडा तिरका झाला, पाइप सरकला, लॉक उडून गटारात गेला. मामानं दात खाल्ले आणि दुसरा लॉक काढला.

"बाजूला व्हा," मामी म्हणाली. "एका हातानं तो कधीच सरळ उतरत नाही. दोन्ही हात सारखे चालवायचे. जड लागलं की स्वल्प मागं घ्यायचं, मग पुढं." पदर खोचून तिनं मूठ धरली. उकडलेल्या पिठाचे गोळे दाबून दाबून कमावलेले दंड ते! दांडा सरळ उतरला, स्प्रिंग बसली, खिडकीत दांडीची खाच दिसली. मामानं चिमट्यानं दोन्ही लॉक ठेवले. "सोड... हळू... सरी, बरोबर!" टोपी लॉकवर घट्ट बसली. मी टाळीच वाजवली. पुढचे वॉल्व्ह तर ती दोघं न बोलताच बसवत गेली. शेवटी मामानं प्रत्येक दांडीवर लाकडी हातोडी ठोकून पाहिली, हेड उलटं करून रॉकेल ओतलं. एक थेंब झिरपला नाही.

रविवारी योगीराज आला. हेड पाहिलं, रॉकेल पाहिलं. मनापासून हसून म्हणाला, "मानलं बाबा! शब्द म्हणजे शब्द. मी आता बोलणार नाही."

मामी पाठ फिरवून नळावर हात धूत होती. आता मिशीला पीळ बसणार हे तिलाही माहीत होतं आणि मलाही.

"नाही जमलं, जावईबापू," मामा म्हणाला. "मी एकट्यानं म्हणालो होतो. दाबलं हिनं. मी नुसते लॉक ठेवले." त्यानं शेडची चावी काढून योगीराजच्या हातात दिली.

मामी ओल्या हातांनीच आली. जावयाच्या तळव्यावरची चावी उचलून तिनं कमरेला खोचली.

"पैज यांनी लावली होती. मला कुणी विचारलं होतं? उद्या दोन हेडं यायची आहेत." मग नवऱ्याकडे वळून म्हणाली, "गौरीला शाविगे दुकानातून आणा."

"सरी," मामा म्हणाला. त्यानं ओत्तूवर फडकं मारलं आणि मूठ तिच्या बाजूला वळवून ठेवली.