पुतळ्याचा खेळ

घरात रचलेल्या कापसाचा वास आला की मला टाळेबंदीतला तो तास आठवतो. शाळेच्या वाचनालयाला कुलूप होतं, म्हणून मी ग्रंथपाल मोबाइलवरच गोष्टीचा तास घ्यायचो. पडद्यावर पुस्तकाचं पान, बाजूच्या चौकटींत पोरं, आणि राक्षसाचा आवाज काढणारा मी. चोपड्याकडची पाचवीतली एक मुलगी छतापर्यंत चढलेल्या कापसापुढे पाय पसरून बसली होती. तिच्या मागचा कापूस हलला आणि त्यातून नाग निघाला. फोन करावा, तर घरातला एकुलता एक फोन तिच्याच पुढ्यात. पोरं ओरडायच्या आत मी तिच्याखेरीज सगळ्यांचे आवाज बंद केले. "आता पुतळ्याचा खेळ," मी हसत म्हणालो, "गोष्ट संपेपर्यंत हलेल तो दगड होईल." चौकटींत तोंडं उघडत होती, आवाज नव्हता. नाग तिच्या कमरेमागून उतरून चौकटीखाली गेला. पुढचं मला दिसेना. "सर, आता हलू?" ओठ न हलवता तिनं विचारलं. "नाही, राक्षस अजून दारात आहे." पुस्तक संपलं, तरी मी रचून रचून सांगत राहिलो. शेवटी तिची आजी शेतातून आली. "काय व्हयनं वं पोरी, अशी काय बठनी?" म्हणता म्हणता तिची नजर खाली गेली आणि ती थिजली. मग तिची नजर हळूहळू दाराकडे सरकत गेली आणि ती म्हणाली, "गया. ऊठ आते." ती मुलगी आता कॉलेजात आहे. परवा भेटली तेव्हा विचारलं, तुला तेव्हा काही कळलं होतं का गं? "पायावर गार लागत होतं, सर," ती म्हणाली, "पण तुमची गोष्ट संपली नव्हती ना."