आठ नंबरचा पीस

एका सोमवारी सकाळी आमचा कॅमेरा अचानक नीट चालायला लागला, आणि तेव्हापासून माझं चित्त थाऱ्यावर राहिलं नाही.

हडपसरच्या औद्योगिक वसाहतीत आमची छोटी कंपनी होती. माणसं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. कान तपासायच्या यंत्रात बसेल असा, शर्टाच्या बटणापेक्षा लहान कॅमेरा आम्ही बनवत होतो. त्यातली लेन्स हलवणाऱ्या मोटरचं डिझाइन माझ्याकडे. मोटर म्हटलं की काहीतरी गरगर फिरणारं डोळ्यांपुढे येतं. ही फिरत नाही. लेन्सभोवती बारीक तारेची कॉइल, तिच्या चार बाजूंना चार मॅग्नेट, आणि वर-खाली कागदाहून पातळ स्प्रिंग. वीज सोडली की लेन्स किंचित उचलली जाते, वीज काढली की स्प्रिंग तिला जागेवर आणते. जवळचं, लांबचं दिसतं ते एवढ्याशा हालचालीवर.

आमची लेन्स सरळ उचललीच जात नव्हती. एका खांद्याला जड पिशवी अडकवल्यासारखी तिरकी व्हायची आणि चित्राचा एक कोपरा धूसर यायचा. स्प्रिंगचा आकार बदलून पाहिला, गोंद बदलून पाहिला. एकामागून एक सात पीस झाले, कोपरा काही साफ होईना. आणि कानाची यंत्रं बनवणारी गिऱ्हाईक मंडळी शुक्रवारी डेमो बघायला येणार होती.

"मॅडम, आठ नंबर बघा," सर म्हणाले. सर म्हणजे कंपनीचे मालक. सदाशिव पेठी माणूस, स्तुतीसुद्धा तक्रारीच्या सुरात करणारा. "जमलं एकदाचं तुमचं."

पाहिलं. चारही कोपरे लख्ख.

मी काहीच बदललेलं नव्हतं. सातवा पीस ज्या ड्रॉइंगवरून झाला, त्याच ड्रॉइंगवरून आठवा. मी लेन्स वर-खाली करून तिचा आलेख काढला. आमची लेन्स वर गेली की थोडा वेळ थरथरायची, मग स्थिरावायची. ही वर गेली आणि गप्प उभी राहिली. आपल्या वर्गातला पाढे न येणारा मुलगा एकाएकी गणितात पहिला आला तर बाई जसा पेपर पुन्हा बघतील, तसा मी तो आलेख पुन्हा पुन्हा बघितला.

जुळणी करणारा आमचा कारागीर वाघोलीच्या पुढच्या एका गावचा. आधी मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात होता. मायक्रोस्कोपखाली चिमट्याने स्प्रिंग बसवण्यात त्याचा हात फार स्थिर. मी त्याला विचारलं, "आठ नंबरला काही वेगळं केलंस का?"

"न्हाई मॅडम. तुमचंच डिझाइन हाय."

पण हे तो मायक्रोस्कोपमधून डोळा न काढता म्हणाला. समोरच्या ट्रेमध्ये त्या वेळी काहीही नव्हतं.

मंगळवारी मी झाकण उघडून आत बघू म्हटलं, तर सर म्हणाले, "डेमोपर्यंत त्याला कोणी हात लावायचा नाही. चालत्या घोड्याचा नाल काढून बघायचा नसतो." आणि पीस त्यांच्या कपाटात गेला. दुपारी चहाच्या टपरीवर सर आणि कारागीर बोलत उभे होते. मी पोचले तसे दोघेही ट्रॅफिकबद्दल बोलायला लागले. सरांना ट्रॅफिकबद्दल कारागिराचं मत कधीपासून हवं झालं?

माझ्या डोक्यात नाही नाही ते यायला लागलं. माझ्या मागे दुसऱ्याकडून डिझाइन करून घेतलं असेल. मला काढायचं ठरलं असेल. कारागिराने माझी ड्रॉइंग्ज कुठेतरी दाखवली असतील. येरवड्याच्या घरी नवऱ्याला सांगितलं. तो आणि मी दोघेही अकोल्याचे. पुण्यात कितीही वर्षं झाली तरी घराचं दार लागलं की आमची बोली बदलते.

"काहून वं," तो म्हणाला, "चांगलं झालेलं पाहवत नाही काय तुले?"

"मी केलंच नाही तं चांगलं झालं कसं, हे पाहून राहिली मी."

गुरुवारी संधी मिळाली. डेमोची वायर तपासायची म्हणून मी सरांकडून आठ नंबर मागून घेतला. उघडायचा नव्हताच. आमच्याकडे मॅग्नेट बघायची हिरवी फिल्म असते. ती वर धरली की आतले मॅग्नेट कुठे आहेत त्याच्या गडद खुणा उमटतात. आधी ती सात नंबरवर धरली. चार बाजूंना चार पट्ट्या, माझ्या ड्रॉइंगप्रमाणे. मग आठ नंबरवर धरली. बाजू कोऱ्या आणि चार कोपऱ्यांत चार ठिपके.

ही माझी मोटर नव्हती.

मी दोन्ही पीस आणि फिल्म कारागिरासमोर ठेवली. त्याने पाहिलं आणि चिमटा खाली ठेवला.

"जुन्या फोनच्या कॅमेऱ्यातली मोटर हाय," तो म्हणाला. "वरचं झाकण तेवढं आपलं. लेन्स बरोबर बसली. मॅडमना सांगू का म्हणून इचारलं हुतं मी. सर म्हणले, नको."

मी सरांच्या केबिनमध्ये गेले. त्यांनी मात्र आढेवेढे घेतले नाहीत. "अहो, त्यांना चित्र बघायचंय. आतल्या मोटरची जन्मपत्रिका नाही. ऑर्डर मिळू दे, मग बसवू की आपली."

"आणि आपली तोपर्यंत सुधारली नाही तर?"

"तुमचाच तुमच्यावर विश्वास नाही म्हणायचा," ते म्हणाले, आणि फोनकडे वळले.

शुक्रवारी मंडळी आली. आठ नंबरचं चित्र पडद्यावर झळकलं, माना डोलल्या. त्यांच्यातल्या एक बाई स्वतः इंजिनिअर होत्या. त्या पडद्याकडे न बघता शेजारी ठेवलेल्या लेन्सच्या आलेखाकडे बघत होत्या. त्यांनी मला विचारलं, "एवढी पटकन स्थिर होते? स्प्रिंग तुमचीच आहे ना?"

सरांनी माझ्याकडे पाहिलं. कारागीर दारात उभा होता, तो जमिनीकडे बघायला लागला.

"ही नाही," मी म्हणाले. "आमची ही." आणि सात नंबर जोडला. पडद्यावर तो धूसर कोपरा आला.

बाईंनी दोन्ही चित्रं शांतपणे बघितली. स्प्रिंगबद्दल चार प्रश्न विचारले, चहा निम्मा ठेवला आणि मंडळी गेली. ऑर्डर अर्थातच मिळाली नाही. सर माझ्याशी आठवडाभर बोलले नाहीत. बोलायला लागले तेव्हा माझ्या प्रत्येक मेलची प्रत त्यांना हवी असायची. आता संशय घ्यायची पाळी त्यांची होती. पुढे त्याच बाईंनी फोन करून सुधारलेला पीस मागितला. तो मी दिला. एका बाजूचा गोंद वाळताना आकसून लेन्सला ओढत होता, हे तोवर सापडलं होतं. लहानसं काम मिळालं. पण सरांच्या केबिनचं दार माझ्यासाठी पूर्वीसारखं उघडं राहिलं नाही, आणि वर्षभरात मी दुसरी नोकरी धरली.

कारागिरानेही ती जागा सोडली. मंडईजवळ त्याने मोबाइल दुरुस्तीचं दुकान टाकलं आहे. मागच्या महिन्यात माझ्या फोनचा कॅमेरा बिघडला, तेव्हा त्याच्याकडेच गेले. त्याने चहा मागवला, घरच्यांची चौकशी केली.

"फोन ठिवून जावा मॅडम. भाजी घिऊन येईस्तोवर हुईल."

"नको," मी म्हणाले. "बसते मी इथेच."

त्याने स्टूल पुढे सरकवलं, दिवा माझ्या बाजूला वळवला, आणि मला सगळं दिसेल अशा बेताने फोन उघडायला लागला.