जीप भरेपर्यंत

अकोल्याला गाडीतून उतरले तेव्हा फलाटावर चांगली थंडी होती आणि मी चिडलेली होते. परीक्षण लिहायला प्रवास करावा लागतो, हे आमच्या धंद्यात कुणी ऐकलेलं नाही. नाटकावर लिहिणारे थिएटरात जातात, खाणावळींवर लिहिणारे निदान जेवायला जातात. मी संगणकावरच्या खेळांची परीक्षणं लिहिते आणि हा खेळ पुण्यात माझ्याच खुर्चीत बसून माझा खेळूनही झाला होता. तरी मी डिसेंबरच्या थंडीत वाशीम जिल्ह्याकडे निघाले होते, कारण फोनवर एका मुलीने मला विचारलं होतं, "मॅडम, तुमी कधी जीपनं फिरल्या का?"

खेळाचं नाव 'धुरा' (वऱ्हाडात शेताच्या बांधाला धुरा म्हणतात). बंदुकीचा खेळ आहे. पडद्यावर आपल्याला फक्त आपले हात आणि हातातली बंदूक दिसते, आणि समोर मोकळा मुलूख पसरलेला असतो. कुठल्याही वाटेने जा, कुठल्याही गावात शिरा. लुटारूंच्या टोळीने सगळे रस्ते धरलेत आणि आपण एकेक गाव सोडवत जायचं. असे खेळ मी ढिगाने खेळले आहेत. त्यांतले डोंगर परके, बर्फ परका, दारूगुत्तेसुद्धा परके. इथे मात्र मी तुरीच्या शेतात लपून बसले, पळसाच्या आडून नेम धरला, आणि पळताना पायाखाली काळ्या मातीची ढेकळं फुटल्याचा आवाज आला तेव्हा खुर्चीतल्या खुर्चीत सुखावले.

मग आली जीप. टोळी मागे लागलेली, गोळ्या संपत आलेल्या. रस्त्याच्या कडेला जीप उभी दिसली म्हणून धावत जाऊन आत बसले. ड्रायव्हरने मान वळवली आणि म्हणाला, "बसा ना बाप्पा. अजून चार सवाऱ्या (प्रवासी) आल्या का निघालो." मला वाटलं, गंमत असेल. पण तो पठ्ठ्या खरोखरच निघाला नाही. लुटारू आले आणि मी मेले. पुन्हा खेळले, पुन्हा जीपमध्येच मेले. शेवटी मी खेळ बनवणाऱ्यांना कळवलं की बाकी खेळ उत्तम आहे, पण जीप बिघडलेली आहे, ती आधी दुरुस्त करा.

त्यावर तो फोन आला. बोलणारी संजीवनी मेडशीची. तिचा भागीदार इम्रान कारंज्याचा. दोघांनी मिळून काही वर्षं खपून हा खेळ उभा केला होता आणि एक मोठा वितरक तो घ्यायला तयारही झाला होता. पण त्याची अट होती की जीप काढा, बसल्याबरोबर निघेल अशी गाडी द्या, नाहीतर खेळ घेत नाही. इम्रान जीप काढायला तयार होता, संजीवनी ठाम नाही म्हणत होती. भांडण मिटेना, तेव्हा त्यांनी आपसात ठरवलं की मॅडमनी येऊन पाहावं आणि मॅडम म्हणतील तसं करावं. वितरकाला आठवड्याभरात उत्तर द्यायचं होतं. खेळ विकला गेला नाही तर दोघंही मुकाट्याने नोकऱ्या धरणार होते. एवढं ऐकल्यावर घरी बसून राहणं बरं दिसलं नसतं.

अकोल्याहून एसटीने पातूरचा घाट चढून मेडशीला आले. खिडकीची काच बंद होत नव्हती, त्यामुळे घाटातला सगळा वारा माझ्या कानात गेला. सागाची पानं अजून झडली नव्हती. घाट संपल्यावर दोन्ही बाजूंना शेंगांनी लगडलेली तूर लागली आणि मला उगीचच तिच्यात कुणीतरी बंदूक घेऊन दबा धरून बसलंय असं वाटायला लागलं. शेजारच्या बाईंनी विचारलं, "काय पाहून राह्यल्या एवढं?" लुटारू शोधतेय म्हणून सांगायची सोय नव्हती. "तूर छान आहे," मी म्हटलं. त्या खूश झाल्या.

संजीवनी स्टँडवर उभी होती. सव्विसेक वर्षांची, ठेंगणी, डोळ्यांवर मोठा चष्मा, आणि बोलणं एकदम रोखठोक. तिचं घर बुद्धविहाराच्या मागच्या गल्लीत. वडील पोस्टात नोकरीला, आईचं स्वयंपाकघर अंगणापर्यंत पसरलेलं. आईंनी मला सोले-वांगे (ओल्या तुरीचे दाणे आणि वांग्याची भाजी) आणि ज्वारीची भाकर वाढली. दुसरी भाकर मी नको म्हणत असतानाच ताटात पडली. माझी चिडचिड तिथे अर्धी उतरली हे कबूल करायला हवं. उरलेली अर्धी मी जीपसाठी राखून ठेवली होती.

"तुमाले सवाऱ्या काहून नाई भेटल्या, सांगतो," संजीवनी म्हणाली (इथे बायकाही 'सांगतो, जातो' असंच म्हणतात). "तुमी आजूबाजूची गावं सोडवलीच नसंन. लोकं भेवानं घरात बसून हायेत. मंग जीपमंदी येईन कोन? आंधी गावं सोडवा, लोकं बाहीर निघतात, जीप भरते."

मी घास तसाच ठेवून तिच्याकडे पाहत राहिले. कल्पना झकास होती. "पण हे खेळात कुठे सांगितलंय?"

"त्याच्यात सांगाचं काय? जीप भरल्याबिगर निंघत नाई, हे त सगळ्याईलेच मालूम रायते."

"पुण्यात नाही गं मालूम," मी म्हटलं. तिची आई खुदकन हसली. संजीवनी मात्र चष्मा काढून पुसायला लागली. आपल्याला माहीत असलेली गोष्ट जगाला माहीत नसते, हे तिला तेव्हा पहिल्यांदा लागलं असावं. पण माझं अजून समाधान झालेलं नव्हतं. जीप का थांबते ते कळलं, तरी थांबलेल्या जीपमध्ये बसून राहण्यात काय मजा, हा प्रश्न शिल्लकच होता.

दुसऱ्या दिवशी आम्ही इम्रानकडे, कारंज्याला निघालो. तिची स्कूटी नेमकी त्याच दिवशी दुरुस्तीला गेलेली होती, याबद्दल मला आजही संशय आहे. मालेगाव, मग शेलूबाजार, आणि शेलूबाजारच्या चौकात अर्थातच जीप. आत तिघंच होती. "निघायची ना?" मी ड्रायव्हरला विचारलं. "आता निंघतोच, बाई," तो म्हणाला. दर थोड्या वेळाने तो इंजिन चालू करायचा, गाडी दोन हात पुढे घ्यायचा आणि पुन्हा मागे आणून उभी करायचा. दरवेळी माझी आशा जागी व्हायची. मी टपरीवरून आलुबोंडे (बटाटेवडे) आणले, तर सोबतचा रस्सा साडीवर सांडला. त्यावरून संजीवनी हसली म्हणून मी तिच्यावरही चिडले.

तेवढ्यात एक बाई येऊन माझ्याशेजारी बसल्या. त्यांना मंगलाबाई म्हणू. खरं नाव सांगू नका, असं त्यांनीच बजावलंय. पन्नाशीच्या असतील, मांडीवर रिकामी पिशवी. त्यांनी बसल्या बसल्या सगळ्या जीपला सांगून टाकलं, "पोरीले पाहाले येनार हायेत आइतवारी. पोराचं कारंज्यात कापडाचं दुकान हाय. म्या मनलं, आपनच आंधी पाहून येऊ. तो काई मले वयखत नाई."

"मंग करान काय तिथं?" ड्रायव्हरने बाहेरून आत डोकं घातलं.

"गिऱ्हाईक बनून जातो. हे काढ, ते काढ, वरचं काढ. सारं दुकान खाली उतरवाले लावतो, अन काईच घेत नाई. चिडला का समजलं."

मागच्या सीटवर एक म्हातारे गृहस्थ होते. ते म्हणाले, "दुकानात त सारेच ग्वाड बोलतात, बाई. घरचा राग येगळा रायते."

"मंग काय घरी जाऊन त्याचं दार वाजवू?"

जीप हसली. मग जो तो सल्ला द्यायला लागला. एकाने सांगितलं की पांढऱ्या कापडाला मुद्दाम बोटं पुसून पाहा. "तुमी पुन्याच्या ना? मंग सांगा," मंगलाबाईंनी मला कोपर मारलं. मी विचार करून सांगितलं की दुपारच्या जेवणाच्या वेळेला जा, भुकेलेल्या माणसाचा स्वभाव लपत नाही. हे सगळ्यांना पटलं. मला इतका अभिमान वाटला की काय सांगू. पुढचा बेत ठरत होता, आणि नेमक्या त्याच वेळी शेवटची सवारी आली, जीप सुटली आणि इंजिनाच्या आवाजात कुणाचं कुणाला ऐकू येईना. मी मनातल्या मनात म्हटलं, मेल्याला आत्ताच निघायचं होतं! आणि मग माझं मलाच हसू आलं.

इम्रानच्या घरी पिढ्यानपिढ्या गाद्या भरायचं काम. खाली दुकान, वर या दोघांची कामाची खोली. खोलीच्या चारी भिंतींना गाद्या उभ्या लावलेल्या होत्या, म्हणजे आवाज घुमत नाही. बसायलाही गादीच. उंच, हळू बोलणारा मुलगा. मला चहा देऊन तो लगेच मुद्द्यावर आला. "मॅडम, मी त काढून टाकू मनलं होतं. एवढी मेहनत हाय, एका जीपसाठी कायले बरबाद करायची? हे संजीवनीच आयकून नाई राह्यली."

मी तिथे बसून खेळ पुन्हा खेळले, या वेळी संजीवनीने सांगितलं तसा. आधी तीन गावं सोडवली. माणसं घराबाहेर आली, वाटेला लागली, एकेक जण जीपमध्ये येऊन बसला. ते पाहताना मी बंदूक चालवायचीच विसरले, खोटं कशाला बोलू. पण आत बसल्यावर सगळे समोर नजर लावून पुतळ्यासारखे गप्प. मी जागेवरून उठले.

"माझा निकाल ऐका," मी म्हटलं. "नेमबाजी उत्तम. लुटारू जरा मठ्ठ आहेत, त्यांना अक्कल द्या. जीप ठेवा." संजीवनीने इम्रानकडे विजयी मुद्रेने पाहिलं. "थांब, तुझंही चुकलंय. तुमची जीप मुकी आहे. सकाळी मी जेवढी थांबले, तेवढी इथे थांबले असते तर जीव नकोसा झाला असता. माणसं बोलत नसतील तर वितरक म्हणतो तेच बरोबर, काढून टाका."

"बोलनारे कुठून आनू आठ दिवसांत?" इम्रानने विचारलं.

"शेलूबाजारहून," संजीवनी म्हणाली.

संध्याकाळच्या परतीच्या जीपला इम्रानही आमच्याबरोबर आला. त्याला हे सगळं पटलेलं नव्हतं, पण ठरल्याप्रमाणे तो मॅडमचं ऐकत होता. आत पाहिलं तर मंगलाबाई! सकाळच्या जीपमधले ते म्हातारे गृहस्थही आमच्या मागोमाग आले. ते आत चढतानाच म्हणाले, "काय झालं वो त्या पोराचं?" संजीवनीने घाईघाईने विचारलं, आमच्या खेळासाठी आवाज घेऊ का. "घे, पन नाव टाकू नको," मंगलाबाई म्हणाल्या, आणि इम्रानने फोन पुढे धरला.

"सारं दुकान उतरवाले लावलं. पोरगा काढूनच राह्यला. माह्या हाताले रग लागली दाखवून दाखवून, त्याच्या नाई लागली. शेवटी म्या मनलं, नाई आवडलं काई. त मनते, काकू, दुसरीकडं पाहून या, नाई भेटलं त वापस या. तोवर हे असंच काढून ठेवतो. आता बोला! लाजंनं ब्लाउजपीस घ्या लागला मले."

"मंग पास?" कुणीतरी ओरडलं.

"पास!"

"पन पोरीले इचारलं का तुमी?" संजीवनीने चष्मा सावरत, जरा तिखटच विचारलं.

"पोरीले? अवं, तिनंच त धाडलं मले! मनली, आई, मी गेलो त तो नाटक करंन, तू जाय."

जीपमध्ये असा हशा झाला की बाहेरचा ड्रायव्हर सवाऱ्या बोलवायचं सोडून आत पाहायला लागला. इम्रान फोन धरून होता, पण त्याचा हात खाली आलेला, तोंड उघडं. जीप सुटली तेव्हा त्याने मला हळूच विचारलं, "मॅडम, लुटाऱ्याईलेबी बोलतं करावं काय?"

मी पुण्याला परत आले. परीक्षण लगेच लिहिलं नाही, वाट पाहिली. परक्या मुलखात आपण वाटा शोधतो, देखावे पाहतो, पण तो आपला व्हायला मध्येच कुठेतरी अडकून पडावं लागतं, एवढंच मला या प्रवासाने सांगितलं. ते मी माझ्यापाशी ठेवलं. आठवडा संपायच्या आत त्यांचा बदललेला खेळ आला. गावं सोडवली, पळत जीप गाठली. आत मंगलाबाई बोलत होत्या, नाव नव्हतं, आवाज त्यांचाच. दुकान उतरवून झालं, पोरगा पास झाला, कुणीतरी विचारलं, पोरीले इचारलं का, आणि तेवढ्यात शेवटची सवारी चढली. इंजिन धडधडलं, आता पुढचं ऐकू येणार नव्हतं. मी गडबडीने कळ दाबली आणि जीपमधून उतरले. एक जागा रिकामी झाली. ड्रायव्हर म्हणाला, "चला, अजून एक सवारी!" आणि मंगलाबाई पुढे बोलायला लागल्या. लुटारू येत होते, येऊ देत. मी बाहेर उभी राहून शेवटपर्यंत ऐकलं.

दुसऱ्या दिवशी इम्रानचा फोन. "मॅडम, वितरकाच्या सायबानं खेळून पाह्यलं. जीपबद्दल हो मनले नाई, नाई मनले नाई. एकच इचारून राह्यले, दोन डाव झाले, पन दोन्ही टाइम जीप सुटली, त्या बाईच्या पोरीचं काय मनून. काय सांगू त्याईले?"

"काही सांगू नकोस," मी म्हटलं. "खाली उतरा म्हणावं."