थोरली काळी, धाकटी लाल

२००२ साली आम्ही रत्नागिरीत घर बांधलं. भिंती जांभ्याच्या चिऱ्यांच्या आणि स्वयंपाकघराचा ओटा काळ्या ग्रॅनाइटचा. घरात बाकी काहीही करा, पण ओटा सगळा एका रंगाचा, आरशासारखा काळा हवा, एवढीच पत्नीची अट होती. लग्नापासून तिने भाड्याच्या घरांतल्या टवके उडालेल्या फरश्यांवर पोळ्या लाटल्या होत्या.

ओटा काटकोनात वळणारा. लांब बाजू साडेनऊ फूट, आखूड सव्वापाच. लांब लादी नीट पोचली. आखूड लादी चौघेजण पाखाडीच्या पायऱ्यांवरून उतरवत असताना एकाचा पाय शेवाळावरून सटकला आणि लादीचे तीन तुकडे झाले. माणसांना खरचटलंही नाही, याचं मला हायसं वाटलं. पत्नीलाही वाटलं, पण तिचे डोळे तुकड्यांवरच होते.

दुकानात तसली काळी लादी दुसरी नव्हती, नवा माल कधी येईल ते दुकानदार सांगेना. वास्तुशांतीची आमंत्रणं तर गेलेली. मापात बसणारी एकच लादी होती, ती लाल. गवंड्याने ती बसवून टाकली. संध्याकाळी पत्नी बघायला आली आणि दारातच थांबली.

"अहो, हे काय? ठिगळ लावलंय जसं काही."

"माप अगदी सुतात बसलंय."

"मापाला ओवाळू का आता? काढून टाका ते. वास्तुशांतीला लाकडी फळी चालेल मला, पण हे नको. पावसच्या आत्या जन्मभर ऐकवतील."

पावसच्या आत्या म्हणजे पावस गावात राहणारी माझ्या वडिलांची बहीण. तिच्या नजरेतून काही सुटत नसे. मी वाद घातला नाही. दोन दिवसांनी सकाळी छिन्नी-हातोडा घेऊन ये, असं गवंड्याला सांगून ठेवलं.

मधल्या दिवशी पत्नीची थोरली बहीण पुण्याहून आली. ताई कॉलेजात भूशास्त्र शिकवायच्या. पत्नीने त्यांना स्वयंपाकघरात नेलं ते रडगाणं गायलाच. ताईंनी चष्मा पुसला, दोन्ही लाद्यांवर हात फिरवला आणि त्या मोठ्याने हसल्या.

"जावईबापू, दगड कुठल्या खाणीचे?"

"काळा कर्नाटकातला, लाल राजस्थानातला."

"राज्य नको, गाव सांगा. त्याशिवाय मी वय सांगणार नाही."

हे बोलणं मला पटलं. मी दुकानदाराला फोन लावला. त्याने आधी "दगडच आहे हो तो, प्लास्टिक नाही" असं म्हणून घेतलं, मग गावं सांगितली. काळा चामराजनगरकडचा आणि लाल जालोरचा. मुलांच्या नकाशावर मी पट्टी धरली. सरळ रेषेत दीड हजार किलोमीटर भरले.

"काळा खरं तर ग्रॅनाइटच नाही," ताई म्हणाल्या. "जमिनीच्या भेगांत शिरून थिजलेला शिलारस आहे. तिकडच्या अशा दगडांची वयं दोनशे वीस ते दोनशे चाळीस कोटी वर्षांच्या आसपास निघतात. लाल मात्र खरा ग्रॅनाइट, पंचाहत्तर कोटींच्या जवळपासचा."

"मोजलं कसं?" मी विचारलं.

"दगडात बारीक कण असतात, त्यांत युरेनियम अडकलेलं असतं. त्याचं ठरलेल्या गतीने शिसं होत जातं. किती उरलं, किती झालं, ते मोजायचं."

"आणि गणित चुकलं तर?"

"युरेनियम दोन तऱ्हेचं असतं, दोघांची गती वेगळी. म्हणजे एकाच दगडात दोन घड्याळं. दोन्ही एकच वेळ दाखवतात तेव्हा आम्ही विश्वास ठेवतो."

मला इतका आनंद झाला की मी चहा प्यायचा विसरलो. हिशोब दोन वेगळ्या वाटांनी करून उत्तर एकच यावं, याहून चांगली गोष्ट मला माहीत नाही. मी लगेच सांगून टाकलं, "म्हणजे काळी लालीच्या तिप्पट वयाची."

आता पत्नीने विचारलं, "तेव्हा इथे काय होतं गं, ताई?"

"रत्नागिरी कुठली? आपल्या सह्याद्रीचा काळा दगडसुद्धा जेमतेम साडेसहा कोटींचा. या दोघी झाल्या तेव्हा झाड नव्हतं, मासा नव्हता."

"मासा नव्हता? मग लोक जेवत काय होते?"

"लोक कुठले? खाणारंच कोणी नव्हतं."

पत्नी हसत सुटली. मग लाल लादीजवळ जाऊन तिने बोटाने सांधा चाचपला. "एक तिकडची, एक इकडची. माहेरं एवढी लांब, आणि नांदायला माझ्या ओट्यावर," ती स्वतःशीच बोलल्यासारखी म्हणाली. काढायचं की ठेवायचं, ते मात्र बोलली नाही. मीही विचारलं नाही.

सकाळी गवंडी आला, त्याने छिन्नी लाल लादीच्या कडेला टेकवली आणि हातोडा उचलला.

"थांबा, थांबा!" पत्नी हातातली परात तशीच घेऊन धावली. "पंचाहत्तर कोटी वर्षांत कोणी हात लावला नाही तिला, तुम्ही कशाला लावताय?"

गवंडी माझ्याकडे बघू लागला. "वैनी काय बोलतायत, साहेब?"

"त्या बोलतायत तेच करायचं," मी म्हटलं. त्याला चहा दिला आणि बुडालेल्या दिवसाचा खाडा भरून दिला.

वास्तुशांतीच्या दिवशी नव्या शेगडीवर दूध उतू घातलं. पत्नीने शेगडी काळीवर मांडली, थोरलीचा मान म्हणून. पोळपाट लालीवर. आत्या आली, कंबरेवर हात ठेवून ओट्यासमोर उभी राहिली.

"काय गो सूनबाई, दगड पुरला नाय वाटतं?"

"पुरला हो आत्या, पण एकाच वयाचा नाही मिळाला," असं म्हणून पत्नीने सगळं सांगितलं. चामराजनगर, जालोर, दोन घड्याळं, मासा. बायका भोवती जमल्या. आत्याने तोंडावर हात ठेवला.

"आणि आमच्या पावसच्या कातळाचं वय काय गो?"

"जांभा ना? तो सह्याद्रीच्या काळ्या दगडापासूनच झालेला, म्हणजे साडेसहा कोटींहूनही लहान," ताई म्हणाल्या.

"अगो बाई, तान्हं बाळच की ते! आणि आम्ही त्याच्यावर भात झोडतो!"

हशा ओसरल्यावर मागून कोणी तरी काळीचं वय पुन्हा विचारलं. मी पटकन म्हणालो, "दोनशे तीस कोटी."

"अहो, मधलंच काय सांगता?" पत्नी सगळ्यांसमोर म्हणाली. "दोनशे वीस ते दोनशे चाळीस. नक्की माहीत नसेल तर दोन्ही टोकं सांगावीत."